भिंतीपलीकडची टकटक

माझी ताई प्रत्येक सिनेमा दोनदा बघायची. सकाळी एकटीने आणि दुपारी नवऱ्याबरोबर. लोकांना वाटायचं, काय ही हौस! हौस कसली डोंबलाची. सकाळी ती फक्त धडामधूम कुठे आहे ते पाहून ठेवायची. कुठे दार आपटतं, कुठे गोळी सुटते, कुठे बाई किंचाळते, कुठे काही कारण नसताना ढोल बडवायला लागतात. हे सगळं डोक्यात बसवायचं आणि दुपारी भावजी शेजारी बसले की रिमोटवर अंगठा ठेवून त्या प्रत्येक जागेच्या आधी आवाज खाली आणायचा. जागा टळली की पुन्हा वर.

भावजींचा सगळा जन्म लेथवर गेला. कारखान्यातल्या खडखडाटाने त्यांच्या कानांची पार वाट लागली होती, पण तीही चमत्कारिक. हळू बोललेलं अजिबात ऐकू यायचं नाही आणि मोठा आवाज मात्र इतरांपेक्षा दुपटीने लागायचा. त्यातच रिटायर झाल्यावर हृदयाने दगा दिला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना दचकू देऊ नका. एखादा मोठा दचका बसला तर मी काही सांगू शकत नाही." ताईने ते वाक्य मनाशी असं पक्कं बांधलं की विचारू नका.

घरातली बेल तिने काढून टाकली. फोनची रिंग बंद केली. ती एका शिंप्याच्या दुकानासाठी घरबसल्या काज-बटणं करायची, तर तिथल्या कापडाच्या चिंध्या आणून तिने प्रत्येक दाराच्या चौकटीत चिकटवल्या, म्हणजे दार कितीही आपटलं तरी नुसतं फुस्स करून मिटायचं. मूलबाळ नव्हतंच, त्यामुळे घरात आवाज करणारं दुसरं कुणी नव्हतं. मीच काय ती यायची, औषधाच्या दुकानातली माझी नोकरी सांभाळून, भावजींच्या गोळ्या घेऊन. मी जन्माची फटकळ आणि मोठ्या तोंडाची. मला ताई दारातच तोंडावर बोट ठेवून आत घ्यायची.

राहिला सिनेमा. तो सोडायला भावजी तयार नव्हते. "मीठ सोडलं, तंबाखू सोडली, जिना चढणं सोडलं," ते म्हणायचे, "आता सिनेमाही सोडला तर मग हे हृदय चालवायचं कशासाठी, मेहुणीबाई?"

आणि हल्लीचे सिनेमे तर काय सांगावेत! दोघं बोलायला लागली की वाटतं पडद्याला कान लावावा. काय पुटपुटतात देव जाणे. म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणाला गाडी उलटते आणि वाटतं ती आपल्याच घरावर उलटली. या सिनेमावाल्यांना एकदा ताईच्या त्या खोलीत आणून बसवलं पाहिजे, रिमोट हातात देऊन. शेजारी हृदयाचा पेशंट बसवून.

मी काही कमी उपाय सुचवले नाहीत. टीव्हीच्या आतच एक सोय असते, सगळे आवाज सारखे करायची. ती लावून पाहिली. लावल्यावर सगळी माणसं पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखी बोलायला लागली, आणि भावजी म्हणाले, "याला सर्दी झालीय का?" हेडफोन आणून दिले. ते घातले की भावजींना ताईचं बोलणं ऐकू येईना, आणि दर दोन मिनिटांनी "हा चोर आहे बघ, तुला सांगतो" असं बायकोला सांगितल्याशिवाय त्यांना सिनेमा पचायचाच नाही. खाली अक्षरं येतात ती वाचा म्हटलं, तर वाचेपर्यंत माणूस मरून पुढचा सीन सुरू. शेवटी उरला ताईचा अंगठा.

त्या अंगठ्याचं मला कौतुकही वाटायचं आणि रागही यायचा. कारण सिनेमा ताईच्या वाट्याला कधी आलाच नाही. सकाळी तिचे डोळे सुईवर आणि कान धडाक्यांवर. दुपारी डोळे पडद्यावर, पण मन पुढच्या जागेवर. भावजी हसायचे तेव्हा ती हसायची नाही, कारण हसून झाल्यावर लगेच भांडं पडणार आहे हे तिला ठाऊक असायचं. आवाज खाली गेला की भावजी हमखास कुरकुरायचे, "अगं, ऐकू येईना!" आणि ती म्हणायची, "एक मिनिट थांबा हो, येतोच आता." असा त्यांचा संसार चालला होता.

आता भिंतीकडे येते. ताईच्या बैठकीच्या खोलीची एक भिंत शेजारच्या घराला लागून होती. तिथे एक बाई एकट्या राहायच्या. कुठल्याशा मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन रिटायर झालेल्या. आम्ही त्यांना हेडबाई म्हणायचो, तोंडावर नव्हे अर्थात. शाळा सुटली तरी बाईंचा तोरा सुटला नव्हता. जिन्यात मोठ्याने हसलेलं त्यांना चालायचं नाही. चपला फटफट वाजवलेल्या चालायच्या नाहीत. आणि ताईच्या टीव्हीचा आवाज जरा चढला की त्या काठीने भिंतीवर ठोकायच्या. टक, टक. दोनदाच. तिसऱ्यांदा कधी ठोकावं लागलं नाही, कारण ताई लगेच आवाज कमी करायची.

मला त्याची चीड यायची. "तू काय तिच्या वर्गातली पोरगी आहेस का?" मी म्हणायची. ताई म्हणायची, "अगं धाकटे, बरंच आहे ते. माझी एखादी जागा चुकली तर त्या चुकत नाहीत." इतकी वर्षं शेजारी राहून दोघींचं बोलणं म्हणाल तर जिन्यात मान हलवण्यापुरतं. बाकी सगळं भिंतीतून.

मग हेडबाई आजारी पडल्या आणि दवाखान्यातच गेल्या. कुणी लांबचा भाचा येऊन सगळं उरकून गेला. घराला कुलूप लावलं, किल्ली इमारतीच्या वॉचमनकडे ठेवली आणि तो परत काही फिरकला नाही. ताईला वाईट वाटलं. आवाज जरा चढला की ती सवयीने भिंतीकडे बघायची, आणि मग स्वतःशीच ओशाळं हसायची.

त्यानंतर बरेच महिने गेले. एका रविवारी दुपारी मी तिच्याकडे होते. टीव्हीवर एक कोरा करकरीत सिनेमा पहिल्यांदाच लागणार होता आणि भावजी हट्टाला पेटले होते. ताई म्हणत होती, "टीव्हीच्या डब्यात रेकॉर्ड करून ठेवू, उद्या बघू." म्हणजे तिला सकाळी आधी बघता आला असता. पण भावजी लहान मुलासारखे रुसले. "उद्याचं कुणी पाहिलंय? आजच." झालं. ताई रिमोट घेऊन अशी ताठ बसली, जणू परीक्षेचा पेपर फुटलेला नाही आणि अभ्यासही झालेला नाही.

सिनेमा तसा संथ होता. दोन म्हातारे मित्र होडीतून कुठेतरी चाललेले. पाणी, धुकं, हळू हळू बोलणं. भावजींना ऐकू यावं म्हणून ताईने आवाज चांगलाच वर नेला होता. दोघं म्हातारे बायकांबद्दल काहीतरी बोलत होते आणि भावजी मजेत मान डोलवत होते. तेवढ्यात भिंतीवर वाजलं. टक, टक.

ताईने आवाज खाली आणला. विचार न करता, वर्षानुवर्षांच्या सवयीने. भावजी म्हणाले, "अगं, ऐकू येईना!" आणि पडद्यावर होडीचं इंजिन फुटलं. आग, धूर, लाकडाचे तुकडे आभाळात. आवाज म्हणाल तर कुणी शेजारच्या खोलीत कागद चुरगळावा तेवढा.

मी ताईकडे पाहिलं. ताई माझ्याकडे पाहत होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भावजींनी काही ऐकलंच नव्हतं. ते बारीक ठोकणं त्यांच्या कानाच्या पलीकडचं. "काय गं, दोघींची तोंडं अशी का?" ते म्हणाले. "मरत नाही तो म्हातारा, पोहता येतं त्याला. बघ तू."

मी मनाची समजूत घातली. पाइप असतील, उंदीर असेल, वरच्या मजल्यावर कुणी काही ठोकत असेल. पण दुसऱ्या दिवशीच्या सिनेमातही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. पूर्वी आवाज झाल्यावर टकटक यायची. आता ती आधी यायची. पडद्यावर सगळं शांत, पोरं अभ्यास करताहेत, बाई केस विंचरतेय, आणि टक, टक. ताईने आवाज खाली नेला की धडाम! कधी चुकलं नाही. जुना सिनेमा असो नाहीतर त्याच दिवशी आलेला असो.

मी घाबरले होते, सरळ सांगते. ताई मात्र पहिल्या आठवड्यानंतर घाबरेनाशी झाली. मी एकदा दुपारी गेले तर ती नवा सिनेमा लावत होती. मी विचारलं, "सकाळी पाहून झाला?" ती म्हणाली, "सकाळी मी आता बघतच नाही. कशाला? वेळेवर सांगतात की बाई."

"कोण बाई? ताई, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? बाई गेल्या. दवाखान्यात आपण दोघी शेवटचं बघून आलो होतो."

"हो. मग?" ताई म्हणाली. "जिवंतपणी दटावायच्या, आता सांभाळून घेतात. मला त्यात वाईट काही दिसत नाही."

आणि खरं सांगू? त्या दिवशी मी तिला हसताना पाहिलं. भावजींबरोबर, एकाच वेळी, पोट धरून. मग एका ठिकाणी तिने त्यांचा हात गच्च धरला, "अहो, हा मारणार की काय तिला?" भावजी म्हणाले, "तुला तर सगळं माहीत असतं!" ती म्हणाली, "आज नाही माहीत." इतक्या वर्षांनी तिला सिनेमाचा शेवट ठाऊक नव्हता. तिचा चेहरा असा उजळला होता की माझ्या जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. मी गिळते म्हणजे बघा!

पण माझा जीव खालीवर व्हायचा तो व्हायचाच. भावजींचा जीव कुणाच्या भरवशावर टाकला होता तिने? एका बंद घराच्या. एखाद्या दिवशी टकटक आलीच नाही तर? मी गोळ्या मोजून देणारी बाई. मला असल्या गोष्टींनी झोप लागेना. शेवटी मी वॉचमनला गाठलं आणि त्या घराचं कुलूप उघडायला लावलं. नळ गळतोय, भिंतीला ओल येतेय, असं काहीबाही सांगून. भर दुपारी गेले, ताईचा सिनेमा सुरू असताना, मुद्दाम.

दार उघडलं तसा कोंदट वास आला. सामान बहुतेक हलवलेलं होतं. एक रिकामं कपाट, एक खुर्ची, खिडकीला जुना पडदा. सगळीकडे धुळीचा जाड थर. जमिनीवर मांजराचंसुद्धा पाऊल उमटलेलं नव्हतं. माझीच पावलं पहिली. ताईच्या बाजूच्या भिंतीपाशी बाईंचा पलंग असावा, कारण तिथे पायांच्या चार खुणा होत्या. आणि त्यांच्यावर, भिंतीत, हाताच्या उंचीवर, एक वाटोळी जागा होती. रंग उडालेला, गिलावा खरवडलेला. वर्षानुवर्षं काठीने ठोकून ठोकून झालेली. यात भिण्यासारखं काही नव्हतं. मी वाकून खाली पाहिलं. त्या जागेच्या बरोबर खाली, धुळीच्या थरावर, पांढरी भुकटी पडली होती. धुळीच्या खाली नाही. वर. पिठासारखी ताजी.

भिंतीतून ताईचा टीव्ही ऐकू येत होता. कुणीतरी बाई शांतपणे काहीतरी सांगत होती. भावजींचं हसणं ऐकू आलं. मी त्या वाटोळ्या जागेकडे बघत होते, नजर हलवताच येईना.

टक, टक.

माझ्या तोंडासमोर, एका हाताच्या अंतरावर. काठी नाही, हात नाही, काही नाही. फक्त गिलाव्याचा बारीक चुरा त्या जागेतून सुटला आणि खाली भुकटीवर जाऊन पडला. पलीकडचा टीव्ही एकदम दबला. भावजींचं "अगं, ऐकू येईना!" भिंतीतून आलं. आणि मग लांबून, अगदी लांबून, काचा फुटल्याचा आवाज.

मी बाहेर कशी आले मला आठवत नाही. वॉचमन दारातच उभा होता. त्यानेही ऐकलं असणार, कारण त्याचा रंग उतरला होता. "पाइपात हवा धरते, बाई," तो म्हणाला आणि कुलूप लावताना त्याच्या हातातून किल्ली दोनदा पडली.

ताईला मी सगळं सांगितलं. तिने काजाचा दोरा दाताने तोडला आणि शांतपणे म्हणाली, "मला वाटलंच होतं, पलंग तिथे असणार म्हणून."

"एवढंच? एवढंच म्हणायचंय तुला? ताई, ते जे काही आहे ते तुझ्या भल्याचं आहे हे कशावरून?"

"माझ्या भल्याचं नसेलही गं. त्यांना मोठा आवाज नको होता, एवढंच त्यांचं. आणि मलाही तेवढंच हवंय." मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. "यांना दचका बसला नाही म्हणजे झालं. बाकी कोण का सांगेना."

पुढे काही महिने चांगले गेले, हे मला कबूल केलं पाहिजे. भावजींच्या अंगावर थोडं मांस आलं. डॉक्टरही खूश. ताईने तर तोंडाने गाणं गुणगुणायला सुरुवात केली, जे मी लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. मीही हळूहळू निर्ढावले. टकटक झाली की भिंतीकडे बघायचं नाही, पडद्याकडे बघायचं, एवढं शिकले.

तो दिवस माझ्या सुट्टीचा होता. जेवणं झाली होती. ताईने पडदे ओढले, भावजींच्या पायाखाली स्टूल दिलं, पाठीशी उशी दिली. सिनेमा दोन भावांचा होता. बापाचं जुनं घर विकायचं म्हणून दोघं मिळून ते रंगवताहेत, आणि रंगवता रंगवता भांडताहेत. तेही हळू आवाजात. मारामारी नाही, बंदूक नाही, नावाला गाणं नाही. भावजींना भारी आवडला. "हा धाकटा बघ, अगदी मेहुणीबाईंसारखा," ते म्हणाले. "काम कमी, तोंड जास्त." मी म्हटलं, "आणि थोरला तुमच्यासारखा, नुसता बसलेला." ते खदखदून हसले. मग आम्ही तिघंही गप्प होऊन बघायला लागलो.

बराच वेळ गेला. धाकटा भाऊ शिडीवर चढून छताला ब्रश मारत होता. टक, टक.

ताईने आवाज खाली घेतला. मी मनात म्हटलं, पडला हा शिडीवरून. पण तो पडला नाही. ब्रश चालतच राहिला. थोरला खाली डबा ढवळत होता. काहीच झालं नाही.

टक, टक.

ताईने अजून खाली घेतला. आम्ही दोघी पुढे सरकून बसलो. असं कधी झालं नव्हतं, एका धडाक्यासाठी दोनदा टकटक. म्हणजे काहीतरी फार मोठं येणार. घरच कोसळणार बहुतेक, मला वाटलं, छत खाली येणार. ताईचे डोळे पडद्याला चिकटले होते, अंगठा बटणावर पांढरा पडला होता. शिडी, ब्रश, छत. शिडी, ब्रश, छत.

टक, टक.

तिने आवाज पूर्ण बंद केला. खोलीत एवढी शांतता झाली की मला माझं गिळणं ऐकू आलं. पडद्यावर भाऊ तोंडं हलवत होते. "आता येईल," ताई ओठातल्या ओठात म्हणाली. "आता येईल."

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की भावजी कुरकुरले नव्हते. आवाज तीनदा खाली गेला, अगदी शून्यावर गेला, आणि "अगं, ऐकू येईना" म्हणून कुणी ओरडलं नव्हतं.

मी मान वळवली. ते उशीला टेकून बसले होते, हात मांडीवर, पाय स्टुलावर. तोंडावर मघाच्या हसण्यातलं थोडं शिल्लक होतं. मी त्यांचं मनगट धरलं. मी रोज औषधं देते, मला लगेच कळलं.

"ताई," मी म्हटलं.

"श्श," ती म्हणाली, पडद्यावरची नजर न काढता. "थांब. येतोय आता मोठा आवाज."

"ताई, इकडे बघ."

तिने बघितलं. आणि मग तो आवाज आला. माझ्या ताईच्या गळ्यातून आला. जी बाई आयुष्यभर दारं हळू लोटत आली, खोकलासुद्धा पदरात दाबत आली, तिने असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरची माणसं धावत वर आली. भिंतीपलीकडून काहीही वाजलं नाही. वाजायचं ते वाजून झालं होतं.

नंतर, माणसं येऊन जाऊन झाल्यावर, तिने मला एकच विचारलं. "दचकले नाहीत ना गं ते?"

"नाही, ताई. मुळीच नाही."

"तू बघत होतीस?"

"मी शेजारीच होते. झोप लागावी तसे गेले." हे मी तिला पुढे कितीदा सांगितलं त्याला गणती नाही. ती पुन्हा विचारायची, मी पुन्हा सांगायची. मला, एवढ्या तोंडाळ बाईला, त्याहून शहाणं काही सुचायचं नाही.

महिनाभराने दुकानात फोन आला. ताईच्या खालच्या मजल्यावरून. "तुमच्या बहिणीला जरा समजवा. आम्हाला घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही." मी तशीच निघाले. इमारतीच्या फाटकातच टीव्ही ऐकू येत होता. गोळीबार, घोडे, किंकाळ्या, सगळं. जिन्यात पोचले तोवर माझं डोकं भणभणायला लागलं आणि तोंडात शिव्यांची माळ तयार झाली. दार नुसतं लोटलेलं होतं.

ताईने खुर्ची भिंतीपाशी ओढून घेतली होती. पडद्याकडे तिची पाठ होती. एक तळहात भिंतीवर टेकवलेला, मान थोडी वाकडी. चेहरा शांत होता, अगदी शहाण्या माणसाचा, आणि त्यानेच मी जास्त घाबरले.

"काय लावलंयस हे?" मी ओरडले. ओरडावंच लागलं. "कान फुटतील! लोक तक्रार करताहेत. रोज असंच करतेस?"

"रोज," ती म्हणाली.

"का पण?"

तिने मला जवळ बोलावलं, आणि माझ्या कानाशी तोंड आणून, जणू लहान मुलीला एखादी सोपी गोष्ट समजावून सांगावी तशी म्हणाली, "हेडबाई गेल्यावर तिकडूनच वाजवायच्या ना? मग हेही तिकडेच असतील. आणि यांना मोठा आवाज किती लागतो, तुला ठाऊक आहे. असतील तर वाजवल्याशिवाय राहायचे नाहीत."

मी बोलायला तोंड उघडलं. सगळं तयार होतं. लोकांचं बोलणं, डॉक्टरांचा नंबर, माझ्याकडे राहायला चल, हे वेड सोड. भिंतीवर तिचा तळहात होता, काजं करून करून बोटांची टोकं खडबडीत झालेला. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "एवढा आवाज पुरेल ना गं? की अजून लागेल?"

मी पडद्याकडे पाहिलं. आवाजाची पट्टी अजून पूर्ण भरलेली नव्हती. मी रिमोट उचलला, ती शेवटपर्यंत नेली, आणि दुसरी खुर्ची ओढून ताईच्या शेजारी भिंतीला कान लावून बसले.